सुट्टी, मुले आणि सातपुडा

वार्षिक परीक्षा संपत आल्या की मराठी घरांत सुट्टीचा विषय निघतो. तो पूर्वीही निघत असे. परंतु त्या काळी त्यात ठरविण्याजोगे फारसे काही नसे. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, जबलपूर येथील मराठी कुटुंबांची उन्हाळी सुट्टी म्हणजे आजोळ, हा रिवाज दोन-तीन पिढ्या अबाधित होता. ट्रंका भरल्या जात, प्रवासासाठी फिरकीचा तांब्या घासूनपुसून निघे, आणि पुणे, सातारा, नागपूर किंवा कोकणातील एखाद्या घराच्या ओटीवर मुलांचा महिना-दीड महिना कसा सरे ते कोणास कळत नसे. तेथे मुलांसाठी वेगळा कार्यक्रम कोणी आखत नव्हते. विहीर, गोठा, आंब्यांची अढी आणि मामेभावंडे एवढ्यावर सुट्टी भरून जात असे.

आता मामा स्वतःच दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतो, मामी नोकरीस जाते आणि मामेभावंडांच्या शिकवण्या सुट्टीतही चालू असतात. चार दिवसांपलीकडे आजोळी राहणे दोन्ही पक्षांना अवघड झाले आहे. त्यामुळे सुट्टीचा बेत हल्ली खरोखरच आखावा लागतो, आणि येथेच पुष्कळ घरांचा हिशेब बिघडतो. निघायचे ठरते ते मुलांसाठी; पण बेत तयार होतो तो प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून. चार दिवसांत अठरा ‘पॉइंट’ पाहून परतलेले कुटुंब आपल्या परिचयाचे असेलच. वडील थकलेले, आई वैतागलेली, आणि धाकटे मूल विचारल्यावर एवढेच सांगते की हॉटेलात मांजर होती. वर्षभर काटकसर करून बाजूस ठेवलेला पैसा असा खर्ची पडावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आणि पैशाहूनही मोलाचे म्हणजे ते चार दिवस. आई, वडील, मुले आणि शक्य असल्यास आजी-आजोबा एकत्र, कामाविना, घड्याळाविना राहतील असे चार दिवस वर्षातून दुसऱ्यांदा येत नाहीत.

मुलांसह डोंगरात आणि अरण्यात जावयाचे असेल तर बेत मुलांच्या पावलांनी मोजून आखावा, एवढेच आम्हांस या महिन्यात सांगावयाचे आहे. त्यासाठी मध्य प्रदेशातील मराठी कुटुंबांच्या हाताशी असलेले पचमढी आणि त्याला लागून असलेले सातपुडा राष्ट्रीय उद्यान हे उदाहरण घेऊ. हैदराबाद किंवा बडोद्याच्या वाचकांस पचमढी दूर वाटल्यास त्यांनी स्थळ बदलावे. रीत तीच राहील.

प्रथम स्थळाची ओळख. उत्तरेस नर्मदा आणि दक्षिणेस तापी यांच्यामध्ये सातपुडा पसरला आहे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतून खानदेशातील तोरणमाळ आणि वऱ्हाडातील चिखलदरा ज्या पर्वताशी जोडलेले आपण वाचले, तोच हा पर्वत पूर्वेकडे पचमढीशी आपली सर्वोच्च उंची गाठतो. पचमढीचे पठार समुद्रसपाटीपासून १००० मीटरांहून थोडे अधिक उंच आहे, तर तेथील धूपगड हे शिखर सुमारे १३५० मीटर उंचीचे असून ते सातपुड्यातील आणि साऱ्या मध्य प्रदेशातील सर्वांत उंच ठिकाण होय. जेम्स फॉरसिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६२ साली येथे बांधलेला ‘बायसन लॉज’ आजही उभा आहे व त्यात वनखात्याचे संग्रहालय आहे. या प्रदेशाचे वर्णन करणारा फॉरसिथचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे मध्य प्रांताच्या सरकारने उन्हाळ्यात येथे बिऱ्हाड हलविण्याचा प्रघात पाडला, आणि पचमढी हे थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपास आले.

अरण्याचा इतिहास याहून लक्षणीय आहे. जवळच्या बोरी येथील जंगल १८६५ साली राखीव करण्यात आले. राखीव वनांच्या आपल्या देशातील इतिहासात त्याचा मान पहिल्या पंक्तीतला आहे. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली स्थापन झाले, त्याचे क्षेत्र सुमारे ५२४ चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यान, बोरी आणि पचमढी अभयारण्य ही तिन्ही मिळून आजचा सातपुडा व्याघ्र प्रकल्प झाला आहे. पचमढीच्या परिसरास १९९९ साली जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि २००९ साली युनेस्कोने त्याचा आपल्या यादीत समावेश केला.

आता जावे केव्हा? मुलांच्या शाळा ज्या काळात बंद असतात, त्या तीन सुट्ट्यांचाच विचार करणे भाग आहे. मे महिन्यात मैदानात अंगाची लाही होत असताना पचमढीच्या संध्याकाळी आणि पहाटा सुखद असतात. दुपारी मात्र तेथेही ऊन लागते, आणि धबधब्यांचे पाणी रोडावलेले असते. दिवाळीची सुट्टी आमच्या मते सर्वोत्तम. पाऊस नुकताच गेलेला, ओढे वाहते, रान हिरवे आणि हवा निवळलेली. नाताळच्या सुट्टीत कडाक्याची थंडी असते. काही रात्री पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा लहान मुलांची कानटोपी आणि आजीची शाल विसरून चालणार नाही. पावसाळ्यात, म्हणजे १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत, व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांस बंद असतो. पचमढी गाव त्या दिवसांतही खुले असते, पण दाट धुके आणि निसरड्या पायऱ्या यांचा विचार करता लहान मुलांसह तो काळ टाळणे बरे.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. इटारसी-जबलपूर लोहमार्गावर पिपरिया हे स्टेशन आहे, आणि तेथून मोटारीने सुमारे ५० किलोमीटरांवर पचमढी. नागपूरकडून येणाऱ्यांस छिंदवाडा, तामिया या मार्गाने घाट चढून येता येते. मटकुलीपासून पुढे वळणांचा घाट लागतो. मुलांना घाट लागण्याची सवय असेल तर निघण्यापूर्वी पोटभर तळकट खाऊ घालू नये. आलेपाकाची वडी किंवा आवळासुपारी हाताशी ठेवावी, मुलास खिडकीपाशी बसवावे आणि त्याच्या हातातील मोबाइल काढून घ्यावा. चालत्या गाडीत खाली मान घालून पाहिल्याने मळमळ वाढते, हे मुलांस एकदा समजावून सांगितले की ती ऐकतात. माळव्यातून जाणाऱ्या कुटुंबाने आणखी एक करावे. वाटेत नर्मदा ओलांडावी लागते. शक्यतो ती दिवसाउजेडी ओलांडली जाईल असा प्रवास निवडावा, आणि पुलावर मुलांस जागे ठेवावे. विंध्य मागे राहिला आणि सातपुडा पुढे आला, हे ज्या मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहिले त्याला नकाशातील ती दोन नावे घोकावी लागत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, दिवसांच्या आखणीचा. शाळेच्या सहली नेण्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून एक नियम आम्ही निःशंकपणे सांगतो: दिवसाला एकच मोठी गोष्ट, आणि तीही सकाळी. सात-आठ वर्षांचे मूल नव्या ठिकाणी दोन-अडीच तास उत्साहाने चालते, पाहते, विचारते. त्यानंतर त्याला भूक लागते, झोप येते किंवा नुसते एका जागी बसून दगडांशी खेळावेसे वाटते. हा त्याचा हट्ट नव्हे, वयाचा धर्म आहे. जो बेत या धर्माला मान देतो तो पार पडतो. जो देत नाही, त्याची दुपारी चार वाजता रडारड होते. तेव्हा चार दिवसांची आखणी पुढीलप्रमाणे करून पाहावी.

पहिला दिवस पोहोचण्याचा. त्या दिवशी संध्याकाळी गावाजवळच्या जटाशंकराचे दर्शन घ्यावे. उंच खडकांच्या फटीत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, गुहेतील गारवा आणि ठिबकणारे पाणी यांनी मूल आपोआप गंभीर होते. भस्मासुराच्या भयाने शंकर येथे लपला, अशी स्थानिक कथा आहे. ही कथा सांगण्याचे काम आजीकडे सोपवावे. सबंध कथा मात्र तेथेच संपवू नये, कारण गुप्त महादेव आणि बडा महादेव ही पुढची ठिकाणे त्याच कथेत येतात. अर्धी कथा राखून ठेवली तर चौथ्या दिवसाची वाट मुले स्वतःच पाहतात.

दुसरा दिवस पाण्याचा. येथे अनेक धबधबे आहेत. त्यांपैकी अप्सराविहाराचा डोह काठाशी उथळ असल्याने मुलांस पाण्यात पाय सोडून बसण्यास बरा. तेथून जवळच रजत प्रपात दुरून पाहता येतो. ‘बी फॉल’ किंवा जमुना प्रपात अधिक प्रसिद्ध आहे, परंतु तेथे शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात, आणि ज्या उतरतो त्या चढाव्याही लागतात. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणि कडेवरच्या मुलांच्या आयांनी हा मोह आवरावा. पाणी कोठलेही असो, खडक शेवाळलेले असतात. मुलांबरोबर एक मोठे माणूस पाण्यात हवेच. काठावर बसून छायाचित्रे घेणारे माणूस त्यासाठी पुरेसे नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी आणि बायसन लॉजचे संग्रहालय पाहावे, दुपारी सक्तीची विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी धूपगडावर सूर्यास्त पाहावा. पांडवलेणी ही पाच गुहांची रांग. लोककथा ती पांडवांची मानते, अभ्यासक बौद्ध भिक्षूंची. या पाच मढ्यांवरून पचमढी हे नाव पडले, असे मानतात. ‘मढी’ हा शब्द मराठी मुलांस परका वाटण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कानिफनाथांचे मढी त्यांच्या आजी-आजोबांनी पाहिले नसले तरी ऐकले असेल. साधूच्या राहण्याच्या जागेसाठी हिंदीत आणि मराठीत एकच शब्द आहे, हे कळल्यावर मुलांस गंमत वाटते. याच पठाराच्या आसपासच्या खडकांत प्राचीन माणसांनी काढलेली चित्रेही आहेत. शिकारी, जनावरे, एवढेच काय, पोळ्यातील मध काढणारी माणसेही त्यांत आढळतात. जेथे चित्रे पाहण्यास परवानगी असेल तेथे मुलांस एक गोष्ट बजावून न्यावे: चित्रास बोट लावावयाचे नाही आणि शेजारच्या खडकावर आपले नाव कोरावयाचे नाही. हजारो वर्षे टिकलेल्या रेषांच्या शेजारी कोणी तरी खिळ्याने आपले आणि आपल्या प्रेमपात्राचे नाव लिहिलेले दिसेल. त्याविषयी मुलांपुढे व्याख्यान देऊ नये. त्यांनाच विचारावे की हे कसे वाटते.

चौथा दिवस महादेवाचा. बडा महादेव आणि गुप्त महादेव ही ठिकाणे जवळजवळ आहेत. गुप्त महादेवाची वाट इतकी अरुंद आहे की अंग तिरके करून जावे लागते. मुलांस याचे अप्रूप फार. तेथून पुढे चौरागड. सुमारे १३०० पायऱ्या चढून माथ्यावरच्या शिवमंदिरापाशी पोहोचले की भक्तांनी वाहिलेल्या त्रिशुळांच्या राशी दिसतात. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. दहा-बारा वर्षांच्या पुढील मुलांनी वडिलांबरोबर अवश्य जावे, बाकीच्यांनी खाली थांबावे, आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये. कुटुंबाने क्षणोक्षणी एकत्रच असले पाहिजे, हा आग्रह सहलीतील निम्म्या भांडणांचे मूळ आहे.

या चौरागडाशी मराठी माणसाचे नाते फार जुने आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेस विदर्भातून हजारो भाविक येथे येतात. नवस फेडण्यासाठी कोणी खांद्यावर लहान त्रिशूळ आणतो, कोणी चार जणांच्या मदतीने मणभर वजनाचा. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा भरते. एरवी बंद असलेली अरण्यातील वाट तेवढ्या काही दिवसांपुरती खुली होते, तेव्हाही वऱ्हाड-नागपूरकडची गर्दी मोठी असते. त्या दिवसांत पचमढीच्या रस्त्यांवर वऱ्हाडी बोली मोकळेपणी कानी पडते. लहान मुलांसह गेलेल्यांस त्या गर्दीत मुक्काम मिळणे कठीण, म्हणून सहलीसाठी यात्रेचे दिवस टाळावेत. पण या पर्वतावर आपली भाषा बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पायी येत आली आहेत, हे मुलांस जरूर सांगावे. आपण येथे पर्यटक म्हणून प्रथम येत असू. आपली भाषा येथे फार पूर्वीच पोहोचली आहे.

चारांऐवजी सहा दिवस हाती असतील तर राष्ट्रीय उद्यानाच्या अंतर्भागासाठी मढईस दोन मुक्काम करावेत. सोहागपूरकडून तेथे जाता येते. तवा धरणामुळे देनवा नदीचे पात्र तेथे विस्तीर्ण झाले आहे, आणि उद्यानात शिरण्यासाठी ते होडीने ओलांडावे लागते. होडीतून उतरून जंगलात पाऊल ठेवणे हाच मुलांस एक सोहळा वाटतो. पचमढीहून पहाटे निघून तेथे वेळेवर पोहोचण्याचा प्रयत्न करू नये; मुक्काम तेथेच असावा. उघड्या जिप्सीतील फेरी तीन-चार तासांची असते. पाच वर्षांखालील मुलास इतका वेळ गप्प बसविणे हा मुलावर आणि सहप्रवाशांवर दोघांवरही अन्याय होय. अशा घरांनी आळीपाळीने जावे. एक पालक मुलाबरोबर नदीकाठी थांबावा. परवाने, आरक्षण आणि शुल्क यांचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून सुट्टीच्या दोन-तीन महिने आधी वनखात्याच्या अधिकृत व्यवस्थेतूनच चौकशी करावी, दलालाच्या भरवशावर राहू नये.

अरण्यात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास परतल्यावर एकच प्रश्न विचारला जातो: वाघ दिसला का? या प्रश्नाने मुलांच्या सहलीचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे पावसानेही केले नसेल. सातपुड्याचे रान डोंगराळ आणि दाट आहे. कान्हा किंवा बांधवगडाच्या मानाने वाघ येथे कमी दिसतो. वाघ दाखविण्याचे वचन देऊन मुलास नेले आणि तो दिसला नाही, तर मुलाच्या दृष्टीने सारे अरण्य रिकामे ठरते. ते रिकामे मुळीच नसते. गव्यांचे कळप, सांबर, चितळ, अस्वल, कधी बिबट्या, पाण्याकाठी मगर, आणि झाडांच्या शेंड्यांवरून झेपा घेणारे तांबूस शेकरू, ही या रानाची खरी श्रीमंती. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे सांगितल्यास आपल्या मुलांस तो अधिक जवळचा वाटेल. म्हणून निघण्यापूर्वीच मुलांना सांगावे की आपण वाघाच्या घरी चाललो आहोत. भेट देणे न देणे त्याच्या मर्जीवर. मातीत उमटलेला पंजा, झाडाच्या सालीवरील नखांचे ओरखडे, चितळाची सावधगिरीची हाक, यांवरून त्याचे असणे ओळखता येते. ही ओळख एकदा पटली की मुले दोन तास डोळ्यांत तेल घालून बसतात.

झाडांकडेही पाहण्यास शिकवावे. या प्रदेशात साग आणि साल यांची वने एकमेकांस भेटतात. मे महिन्यात साग निष्पर्ण उभा असतो, तर साल नव्या पालवीने हिरवागार असतो. जूनच्या सुमारास सालाची पंख असलेली फळे भिरभिरत खाली येतात. अशी दोन फळे वर फेकून कोणते आधी खाली येते हे पाहण्यात मुले तासभर रमतील, आणि त्यासाठी तिकीट पडत नाही. उद्यानाच्या हद्दीतून मात्र पान, पीस किंवा दगड घरी आणू नये. तेथील वस्तू तेथेच राहू देणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. मोकळी कुरणे दिसतील तेथे मुलांस हेही सांगावे की त्यांतील काही जागी पूर्वी माणसांची गावे होती. गेल्या काही दशकांत चुरनासारखी कोरकू-गोंडांची वस्ती असलेली गावे उद्यानाबाहेर हलविण्यात आली, आणि त्यांच्या शेतांत आता हरणे चरतात. जनावरांस जागा मिळाली ती कोणी तरी आपले अंगण सोडल्यामुळे मिळाली, हे दहा वर्षांच्या मुलास नीट समजते. दया आणि न्याय यांची गाठ कोठे पडते, हा प्रश्न त्याच्या मनात तेथेच राहू द्यावा. उत्तर देण्याची घाई करू नये.

आपल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट आम्हांस अगत्याने सांगावयाची आहे. आपली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. घरात बोललेली मराठी स्वयंपाकघर, देवघर आणि नात्यागोत्यांपुरती टिकते. तिला रान कधी भेटत नाही. त्यामुळे आमटी आणि ओवाळणी हे शब्द मुलांस येतात. पाणवठा, कडा, घळ, पाऊलवाट, झरा, पालवी, डोह, सुळका हे शब्द येत नाहीत. शब्दकोशातून हे शब्द शिकविता येत नाहीत. डोह पाहताना ‘डोह’ म्हणावे लागते. सहलीत प्रत्येक मुलास एक साधी वही द्यावी. डावीकडे वाटाड्याने सांगितलेले हिंदी नाव आणि उजवीकडे आजी-आजोबांनी सांगितलेले मराठी नाव लिहावे. महुआ म्हणजे मोह, सागौन म्हणजे साग, तेंदू म्हणजे टेंभुर्णी, चिरौंजी म्हणजे चारोळी, हर्रा म्हणजे हिरडा, भालू म्हणजे अस्वल. काळ्या तोंडाचा तो वानर आणि लाल तोंडाचे ते माकड, हा भेद मराठीत किती स्वच्छ आहे! आजोबांस एखादे नाव न आठवले तर परतल्यावर ते शोधण्याचे काम दोघांनी मिळून करावे. सहा दिवसांत पन्नास शब्द जमले तर त्या मुलाची मराठी पन्नास झाडांनी समृद्ध झाली असे समजावे. आजोळच्या सुट्टीत हे काम न सांगता होत असे; आता ते आपणांस योजून करावे लागेल.

सामानाविषयी थोडके. चाललेले, पायास सवय झालेले बूट. नवे कोरे बूट सहलीत कधीही घालू नयेत. भडक रंगांऐवजी मातकट किंवा हिरवट कपडे. प्रत्येकाची स्वतंत्र पाण्याची बाटली. ताप, जुलाब, उलटी यांची डॉक्टरांनी सांगितलेली औषधे, मीठ-साखरेची पुडी, चिकटपट्टी आणि विजेरी. खाण्यासाठी दशम्या, धपाटे, मेतकूट, लाडू आणि चिवडा. डोंगरात भूक लवकर लागते आणि दुकान जवळ नसते. माकडांच्या देखत पिशवी उघडू नये आणि त्यांना खाऊ घालू नये. माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागलेले माकड पुढे मुलांच्या हातातले हिसकावते. कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. तेथे धूर, आरडाओरडा आणि दगड मारणे सर्वथा वर्ज्य.

बेत आखण्याचे काम मुलांस द्यावे, अशी आमची शेवटची सूचना आहे. नकाशा जमिनीवर पसरावा. गाड्यांच्या वेळा थोरल्याने पाहाव्यात, सामानाची यादी मधल्याने करावी, धाकट्याने एका दिवसाचे ठिकाण आपल्या मर्जीने निवडावे, आणि त्याने निवडलेले ठिकाण ‘काही विशेष नाही’ म्हणून मोठ्यांनी खोडू नये. रोजच्या खर्चाची वही बारा वर्षांच्या मुलीच्या हाती द्यावी. किती रक्कम उरली हे तिला ठाऊक असले की बाजारातील खेळण्यासाठीचा हट्ट ती स्वतःच धाकट्यास समजावते. आपण आखलेल्या बेतात मुले क्वचितच कुरकुरतात, कारण तो त्यांचा असतो.

आणि परतल्यावर शेजारी विचारतील तेच आपण आपल्या मुलांस विचारू नये. किती स्थळे पाहिली, वाघ दिसला का, हे प्रश्न बाजूस ठेवावेत. तुला पुन्हा कोठे बसावेसे वाटते, एवढेच विचारावे. मूल कदाचित धूपगड सांगणार नाही. अप्सराविहाराच्या काठचा एखादा खडक सांगेल, किंवा देनवेतील होडी सांगेल. ते जे सांगेल ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. पुढील वर्षीचा बेत त्या पानापासून सुरू करता येईल.